प्रॅक्टिकलला माणूस पाहिजे

बेळगावच्या खासबागेत आत्याच्या घरी राहायला गेले, त्या पहिल्याच संध्याकाळी मी तोंडघशी पडले. आप्पा, म्हणजे माझे वडील, मला आणि माझ्या पत्र्याच्या ट्रंकेला तिथे सोडून कोगनोळीला परत गेले होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. तेवढ्यात आत्याचा मुलगा विलास यंत्रमागांच्या खोलीतून हात पुसत आत आला. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा. गावाकडे मोठ्या मुलांना अण्णा, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायची सवय, म्हणून मी सहज विचारलं, "विलासअण्णा, पाणी देऊ?" आत्याच्या हातातली पळी जागच्या जागी थांबली. तो पाणी न पिताच बाहेर गेला. आत्याने मला परसात नेलं आणि दबक्या आवाजात सांगितलं, "त्येला अण्णा म्हणायचं न्हाय."

"मग काय म्हणू?"

"काय म्हणू नगंस."

पुढे जवळजवळ दोन वर्षं मी त्याला काहीही म्हटलं नाही. आमच्या भागात मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा पहिला हक्क धरतात. आप्पांनी आणि आत्याने आमचं लग्न केव्हा ठरवलं मला माहीत नाही, बहुतेक मी पाळण्यात असतानाच. मला कुणी ते तोंडाने सांगितलं नव्हतं. सांगायची गरज कुणाला वाटली नव्हती. ज्याच्याशी लग्न व्हायचं त्याला अण्णा म्हणायचं नाही, आणि लग्न अजून झालेलं नाही म्हणून नावानेही हाक मारायची नाही. तोही मला हाक मारत नसे. नळाला पाणी आलं तर तो मागांच्या खोलीतून भिंतीला सांगायचा, "पाणी आलंय." मग मी घागर घेऊन उठायची. घरात माझ्या वयाचं एकुलतं एक माणूस, आणि त्याच्याशी बोलायची सोय नाही. आज हे नातीला सांगितलं तर ती हसून लोळते. मीही तिच्याबरोबर हसते, पण तेव्हा मला हसू येत नव्हतं.

त्या घराचा आवाज अजून कानात आहे. खासबागेत तेव्हा घरोघरी माग. आत्याच्या घरीही मागच्या खोलीत यंत्रमाग होते, सकाळी करंट आला की सुरू व्हायचे ते रात्री जेवणापर्यंत. खटक-खट, खटक-खट. आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, त्या आवाजात इतकी वर्षं राहून जरा बहिरे झाले होते. त्यामुळे ते बोलत कमी आणि मान जास्त हलवत. आत्या मात्र मागांच्या वरताण बोलायची. भाकरी जाड झाली, चटणीत मीठ पडलं नाही, डबा झाकला नाहीस, उंबऱ्यावर उभी राहू नकोस. सुती धाग्याचा बारीक कापूस सगळीकडे उडायचा, भाताच्या पातेल्यावर, केसांत, वहीच्या पानांवर. आठवड्यातून एकदा करंट जायचा. तेव्हा सगळी गल्ली एकदम गप्प व्हायची आणि आम्ही सगळे एकमेकांकडे चोरी पकडल्यासारखे बघायचो.

मानसशास्त्र मी काही आवडीने घेतलेलं नव्हतं. दहावीनंतरच्या दोन वर्षांना आमच्याकडे पीयूसी म्हणतात. कॉलेजच्या ऑफिसात आप्पा मला घेऊन उभे होते. खिडकीतला कारकून कन्नडमध्ये म्हणाला, आर्ट्सला एवढ्याच विषयांच्या जोडीत जागा उरल्यात, इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि सायकॉलॉजी. आप्पांनी चौथ्या विषयाचा अर्थ विचारला. कारकुनाने छातीवर हात ठेवून "मनस्सु" असं सांगितलं. निपाणीच्या वखारीत तंबाखूची प्रत ओळखण्यात आप्पांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण हा माल त्यांच्या ओळखीचा नव्हता. शेवटी मला म्हणाले, "मन काय शिकायचं असतंय? त्ये असतंयच की. घे, सोपं असंल."

सोपं काही नव्हतं. मी मराठी शाळेतून आलेली, कन्नड बाजारापुरतं यायचं, इंग्रजी पुस्तकापुरतं. वर्गातल्या बऱ्याच मुली कॅम्पातल्या इंग्रजी शाळांमधून आलेल्या. त्या वाईट नव्हत्या. माझ्याकडे बघून हसायच्या, मीही हसायची, आणि त्यापुढे आमच्याकडे शब्द नसायचे. डबा मी जिन्याखालच्या पायरीवर बसून खायची. भाकरी, कारळ्याची चटणी, कधी कांदा. दिवसभरात मी एखादं वाक्यही न बोलता घरी येई आणि घरी आल्यावर मागांच्या आवाजात बोलायची गरजच नसे. एकटेपणावरचा धडा आम्हाला होता की नाही आठवत नाही. असता तर त्यात मला पैकीच्या पैकी पडले असते.

पण विषय मला धरत गेला. आपल्याला आठवतं कसं, विसरतं कसं, भीती कुठून येते, असल्या गोष्टींना कुणीतरी बसून नावं दिली आहेत याचंच मला अप्रूप वाटायचं. खासबागेत मात्र या विषयाने माझी पंचाईत केली. शेजारच्या सुमनवहिनी कमरेवर हात ठेवून विचारायच्या, "सांग बघू, माझ्या मनात काय चाललंय?" मी म्हणायची, "माहीत नाही." त्या आत्याला म्हणायच्या, "कसलं गं शिक्षण ह्ये? जोशी तरी हात बघून काय तर सांगतोय." आणि एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. हळूहळू गल्लीत असं पसरलं की मी वेड्यांची तपासणी करायला शिकते आहे.

या विषयाला प्रॅक्टिकल असायचं. लॅब म्हणजे एक लांबट खोली, टेबलं, टेबलावर मधोमध लाकडी पडदा. पडद्याच्या एका बाजूला प्रयोग करणारी, दुसऱ्या बाजूला जिच्यावर प्रयोग करायचा ती. एकदा आरशात बघून चांदणीच्या कडेने पेन्सिल फिरवायची, एकदा अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची, एकदा एक शब्द ऐकून मनात येईल तो दुसरा शब्द पटकन सांगायचा. वर्गात मुलींची संख्या विषम होती. सगळ्यांच्या जोड्या लागल्या आणि मी उरले. मॅडमनी मला एका जोडीत तिसरी म्हणून बसवलं आणि हातात स्टॉपवॉच दिलं. वर्षभर मी दुसऱ्यांचा वेळ मोजला. माझ्यासमोर कुणी बसलं नाही आणि मी कुणासमोर बसले नाही.

परीक्षा जवळ आली तेव्हा मॅडमनी नियम सांगितला. परीक्षेला प्रत्येकीने आपलं माणूस आपण आणायचं. वर्गातलं चालणार नाही, विषय न शिकलेलं कुणीही चालेल, भाऊ, बहीण, मैत्रीण. तासभर समोर बसायचं, बस्स. माणूस नसेल तर प्रयोग नाही, आणि प्रयोग नाही तर नापास. मुली लगेच आपसात बोलायला लागल्या, कुणाची ताई येणार, कुणाची शेजारीण. मी वहीत बघत राहिले. बेळगावसारख्या गावात माझ्यासमोर तासभर बसेल असं एक माणूस मला शोधायचं होतं, आणि मला एकही नाव सुचेना.

आधी मी आत्याला विचारलं. ती शेंगा फोडत होती. मी सगळं समजावून सांगितलं, शब्द सांगायचे, बाकी काही नाही. ती शेंगा फोडायची थांबली नाही. "माझं डोकं तपासून घ्यायला मी काय खुळी हाय?"

"तपासायचं नाही गं आत्या. नुसतं बसायचं."

"कालिजात जाऊन नुसतं बसायचं? लोकं इचारतील कशाला गेलतीस. काय सांगू? भाचीनं मन बघाय न्हेलतं?"

मग मी सुमनवहिनींच्या मुलीला विचारलं. ती तयार झाली, अगदी आनंदाने. संध्याकाळी वहिनी स्वतः आमच्या दारात आल्या. "बाई गं, आमच्या पोरीला बघाय येत्यात म्होरल्या आठवड्यात. उद्या कुणी म्हणालं, पोरीला डोक्याच्या तपासणीला न्हेलतं, तर मी काय करू?" त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. त्या काळी डोक्याच्या तपासणीच्या नुसत्या अफवेवर लग्नं मोडायची. आजही मोडतात, फक्त लोक तसं बोलून दाखवत नाहीत.

गावाकडून कुणाला बोलवावं तर धाकटी भावंडं शाळेत, आई शेतात. मामांना विचारायचं म्हणजे शब्द ओरडून सांगावे लागले असते. रोज संध्याकाळी मी परसात एकटी बसून सराव करायची. स्वतःच शब्द वाचायची आणि स्वतःच उत्तर द्यायची. मागांच्या आवाजात माझं मलाही नीट ऐकू यायचं नाही. रडू यायचं, ते मात्र अगदी बिनआवाजाचं यायचं.

परीक्षेच्या दिवशी मी माणसाशिवायच गेले. मॅडमच्या पाया पडायचं, असं ठरवलं होतं. लॅबच्या व्हरांड्यात मुली आपापल्या माणसांबरोबर बसल्या होत्या, कुणी पेढा खात होतं, कुणी केस सारखे करून देत होतं. मी खांबाला टेकून उभी होते. तेवढ्यात जिन्याखाली सायकल लावल्याचा आवाज झाला. विलास वर आला. मागावरून तसाच उठून आला होता, भुवयांवर कापूस होता. माझ्याकडे न बघता तो खांबाला म्हणाला, "माणूस लागतंय म्हणं."

मी मान हलवली. आत्याने त्याला सांगितलं होतं का, की आत्या माझ्याशी बोलत होती तेव्हा त्याने मागांच्या खोलीतून ऐकलं होतं, हे मी कधीच विचारलं नाही. आत्याच्या डोळ्यांसमोरून भरदिवसा माग बंद करून तो निघाला होता, तेही माझ्यासाठी, एवढंच मला कळत होतं.

मॅडमनी इंग्रजीत विचारलं, "हे कोण?" मी म्हणाले, "कझिन." त्या इंग्रजी शब्दाचे मी आजवर आभार मानत आले आहे. लग्न होणारा की न होणारा, राखी बांधायची की नाही, कसलीच चौकशी तो करत नाही.

चिठ्ठी उचलली तर शब्दांचा प्रयोग आला. मी एक शब्द म्हणायचा, समोरच्याने मनात येणारा पहिला शब्द सांगायचा, किती वेळ लागला तो मोजायचा. बाहेरून आलेले परीक्षक म्हैसूरकडचे होते, त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. ते म्हणाले, तुमच्या भाषेत करा, मी तुमची पद्धत बघेन. पद्धतीतली पहिली पायरी अशी की समोरच्याशी चार शब्द बोलून त्याला मोकळं करायचं, मग ठरलेली सूचना द्यायची. मी पडद्याआडून बोलले, "आरामात बसा. घाबरायचं काही कारण नाही. इथं कुठलंही उत्तर चूक नसतं." दोन वर्षांत मी त्याच्याशी सरळ बोललेली ही पहिली वाक्यं, आणि तीसुद्धा पुस्तकातली. तो पलीकडून म्हणाला, "बरं."

झाड म्हटलं तर पान म्हणाला. पाणी म्हटलं तर नळ. आई म्हटल्यावर "भाकरी" म्हणाला. रस्ता म्हटल्यावर एकदम "पुणं". घर म्हटल्यावर "आवाज". परीक्षक घड्याळाकडे बघत होते आणि मी बघत होते पडद्याच्या वर दिसणाऱ्या त्याच्या केसांकडे. या माणसाबरोबर मी दोन वर्षं एका छपराखाली जेवत होते, आणि त्याला पुण्याला जायचं आहे हे मला आत्ता कळत होतं.

मग यादीत आला लग्न. शब्द मीच मराठीत केला होता, चुकवता येत नव्हता. मी म्हणाले. पलीकडून काहीच येईना. नियमाप्रमाणे ठराविक वेळ थांबायचं आणि उत्तर नाही अशी खूण करायची. मी खूण केली. चेहरा मी हलू दिला नाही. तेवढं मी आत्याच्या घरी चांगलं शिकले होते. त्यापुढे दोन साधे शब्द गेले, आणि मग आला बहीण.

"तू," तो म्हणाला. क्षणाचाही वेळ न घेता.

मला हायसं वाटलं. खरंच, मोठं ओझं उतरल्यासारखं वाटलं. आणि लगेच फार एकटंही वाटलं. लग्नासाठी मी काही झुरत नव्हते. पण त्या घरात माझं जे काही होतं, ती आत्याची रोजची बोलणी, चटणीतलं मीठ, डब्याची झाकणं, ते सगळं मी तिची होणारी सून म्हणून होतं. ते नसेल तर मी तिथे कोण?

शेवटी समोरच्या माणसाला प्रयोगात काय वाटलं ते विचारून लिहायचं असतं. मी विचारलं. तो म्हणाला, "बरं वाटलं म्हणून लिव्ह. लई दिसांनी कुणीतर इचारलं." मी इंग्रजीत एवढंच लिहिलं की त्यांना मोकळं वाटलं. परीक्षकांनी मान डोलावली.

सायकल काढताना तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. पुण्यात एका कारखान्यात त्याचा मित्र लागला होता, तिथे त्यालाही बोलावत होते. "हितं लगीन झालं की माग गळ्यात. मग सुटका न्हाय. तुझ्यात खोट न्हाय गं, तसं काय मनात आणू नगंस. आईला मी किती डाव सांगाय बघितलं, तोंडच उघडंना. ती म्हणंल पोरगं उलटलं." थोडा वेळ तो सायकलच्या घंटीशी चाळा करत राहिला. "तू तिच्याम्होरं एकदा मला अण्णा म्हटलंस, तर इषय संपला. पण तुला हितं ऱ्हायचंय. तुझं तू बघ. मी जोर करणार न्हाय."

तो गेला. मी चालत घरी आले. लेखी परीक्षा अजून व्हायची होती, आणि पुढे शिकायचं तरी राहणार कुठे? गप्प बसले असते तर सगळं आपोआप झालं असतं. तो पुण्याला गेला नसता, मी पुढे शिकले नसते, आणि आम्ही दोघांनी जन्मभर भिंतीला सांगत संसार केला असता. अशी कितीतरी घरं मी पुढे पाहिली. दोन-तीन दिवस मी जेवताना त्याच्या ताटाकडे बघायची आणि तोंड मिटून घ्यायची. तो काही आठवण करून देत नव्हता, त्यामुळे तर आणखी कठीण होत होतं.

मग एका संध्याकाळी करंट गेला. कंदील लावला होता. मामा आणि विलास जेवायला बसले होते, आत्या तव्यापाशी, मी वाढायला. सगळ्या गल्लीत एक माग वाजत नव्हता. मी आमटीचं पातेलं उचललं आणि म्हणाले, "अण्णा, आमटी वाढू?"

बहिऱ्या मामांनासुद्धा ऐकू गेलं. त्यांनी घास खाली ठेवला. विलासने वाटी पुढे केली. "वाढ," म्हणाला. माझा हात वाटीपर्यंत पोचायच्या आत आत्याने मागून येऊन पातेलं काढून घेतलं. ती ओरडली नाही. "बस तू," एवढंच म्हणाली. "मी वाढते."

दोन दिवसांनी आप्पा आले. आत्याने निरोप पाठवला असणार. ओट्यावर बसून त्यांनी चहा घेतला आणि खालच्या आवाजात मला म्हणाले, "चुकून आलं तोंडातनं, असं सांगतो मी आक्काला. ऐकंल ती."

"चुकून न्हाय आलं, आप्पा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रिकामी कपबशी उलटी केली, परत सरळ केली. "परीक्षा हुईपर्यंत ठेवून घे म्हणालोय," म्हणाले आणि गेले.

परीक्षा होईपर्यंत मी तिथे राहिले. आत्याने मला एका शब्दाने दुखावलं नाही. सकाळी मी उठायच्या आत भाकऱ्या झालेल्या असत. मी भांड्यांना हात लावला की म्हणायची, "राहू दे, अभ्यास कर." ताट वाढून समोर यायचं, वर तूपही असायचं. डबा उघडा राहिला तर ती मुकाट्याने उठून झाकायची. उंबऱ्यावर मी मुद्दाम उभी राहून पाहिलं, ती बाजूने निघून गेली. अण्णा महिनाभरात पुण्याला गेला. लेखी परीक्षेला मी त्या शांत, तुपाच्या जेवणावर गेले, आणि माझ्या आयुष्यात इतकं परकं मला पुन्हा कधी वाटलं नाही, ना धारवाडच्या होस्टेलवर, ना नवरा गेल्यानंतर एकटी राहते त्या आजच्या घरात.

निघायच्या आदल्या दिवशी मी आत ट्रंक भरत होते. बाहेर सुमनवहिनींकडे कुणी नवीन पाहुणी आली होती, ती ओट्यावर आत्याला विचारत होती, "आत बसलीया ती कोण? सून काय तुमची?" इतके दिवस कुणी असं विचारलं की आत्या नुसती हसायची आणि विषय बदलायची. मी हातातलं पातळ तसंच धरून थांबले.

"न्हाय बाई," आत्या म्हणाली. "भावाची लेक. शिकाय आलती."